'सेन्सरी रूम'च्या नावाखाली पुण्यात झालेली आमची फसवणूक

ज्यांच्या घरी ऑटिझम किंवा सेन्सरी अडचणी (आवाज, उजेड, स्पर्श सहन न होणं वगैरे) असलेलं मूल आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे. मुलाच्या बेडरूमची 'सेन्सरी रूम', म्हणजे अशा मुलांना शांत वाटेल अशी खोली, करून देतो म्हणून एका माणसाने आमच्याकडून एक लाख अडुसष्ट हजार रुपये घेतले. पैशांचं दुःख आहेच, पण त्याने केलेलं एक काम मुलाच्या जिवावर बेतलं असतं. त्याचा राग अजून जात नाही.

मुलगा सात वर्षांचा आहे. आवाज आणि भगभगीत उजेड त्याला सहन होत नाही, आणि झोक्यावर बसलं की मात्र तो निवांत होतो. आम्ही सिंहगड रोडला नदीच्या बाजूला राहतो. गणपतीच्या दीड-दोन महिने आधीपासून ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो, तेव्हा संध्याकाळ झाली की हे लेकरू कान गच्च दाबून बाथरूममध्ये जाऊन बसतं. खोलीत आवाज कमी यावा, उजेड मंद असावा आणि एक झोका टांगावा, एवढंच आम्हाला हवं होतं.

हा माणूस थेरपी सेंटरच्या बाहेर पालकांना गाठतो. स्वतःला सेन्सरी रूमचा स्पेशालिस्ट म्हणवतो आणि मोबाइलवर सुंदर खोल्यांचे फोटो दाखवतो. बोलणं इतकं आपुलकीचं, की थकलेल्या आईबापांना बरं वाटतं. "मॅडम, खर्चाची काळजी करू नका, निरामयमधून क्लेम होऊन जाईल," असं तो म्हणाला आणि मुलाच्या दिव्यांग कार्डाची, आधारची झेरॉक्सही घेऊन गेला. निरामय ही नॅशनल ट्रस्टची, म्हणजे दिव्यांगांसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेची, आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंतची. त्यात उपचार आणि थेरपीचा खर्च मिळतो, फर्निचरचा नाही. असं आश्वासन कुणी दिलं तर तिथेच त्याला थांबवा, आणि मुलाची कागदपत्रं अशा माणसाच्या हातात देऊ नका.

आता झोक्याबद्दल. खोलीत जिप्सम बोर्डाचं फॉल्स सिलिंग केलं होतं आणि त्यातून एक स्टीलचा जाडजूड हुक खाली आला होता. दिसायला भक्कम. मुलगा झोके घ्यायला लागला की वरून कर्र कर्र आवाज यायचा आणि चादरीवर पांढरी भुकटी पडायची. "नवीन काम आहे, बसेल हळूहळू," असं उत्तर मिळालं. नशिबाने त्याच आठवड्यात सोसायटीचा वायरमन दुसऱ्या कामाला घरी आला होता. त्याने एक स्पॉटलाइट काढून त्या भोकातून टॉर्च मारला आणि म्हणाला, "ताई, पोराला यावर अजिबात बसवू नका. हुक स्लॅबला नाहीये, नुसता पत्र्याच्या चॅनलला मारलाय." हुकाला धरून त्याने जरा जोर लावला, तर बोर्डाचा तुकडा चॅनलसकट खाली आला. झोक्याचा हुक आरसीसी स्लॅबमध्ये ड्रिल करून अँकर फास्टनरनेच (काँक्रीटमध्ये घट्ट बसणाऱ्या बोल्टनेच) बसवावा लागतो, कारण हलत्या झोक्याचा ताण मुलाच्या वजनाच्या कितीतरी पट होतो. सिलिंग बंद करण्याआधी स्लॅबमधल्या फास्टनरचा फोटो मागा. आणि मुलाला बसवण्याआधी घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाने लोंबकळून बघा.

'साउंडप्रूफिंग' म्हणून भिंतीवर अंड्यांच्या ट्रेसारखा दिसणारा फोम चिकटवला होता. हा फोम खोलीतला घुमणारा आवाज शोषतो, बाहेरचा अडवत नाही. ढोलाचा आवाज येत होता तो अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीच्या फटींतून, आणि खिडकीला त्याने हातही लावला नव्हता. शिवाय तो साधा पीयू (पॉलियुरेथेन) फोम भराभर पेटतो, धूर विषारी असतो, आणि या माणसाने तो स्विचबोर्डाला खेटून लावला होता! तो आम्ही खरवडून काढला. खिडकीला नवीन रबर आणि ब्रश लावून घेतले, जाड पडदे लावले. आवाज बंद झालेला नाही, पण कमी झालाय. सरावाच्या वेळी मुलगा इअर मफ (आवाज कमी करणारी कानझाकणी) घालून आपल्या खोलीतच बसतो.

कपाटाला कोटेशनमध्ये 710 प्लाय (पाण्यात टिकणारं मरीन प्लायवूड) लिहिलं होतं आणि दरही तोच लावला होता. बिजागरीचं एक भोक मोठं केलं तर आतून भुसा सांडला, म्हणजे पार्टिकल बोर्ड. वरून सनमाइका मारला की बाहेरून काही कळत नाही. बोर्डाचा आणि गोंदाचा वास जाईना, म्हणून मुलगा कितीतरी दिवस त्या खोलीत पाऊल टाकत नव्हता. सुताराने सनमाइका लावण्याआधी प्लायवरचा आयएसआयचा शिक्का बघा आणि त्यातला लायसन्स नंबर बीआयएस केअर अॅपवर टाकून तपासा. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये स्वतः जाऊन बिलासकट माल उचलला तर आणखी बरं.

दिव्यांचंही तेच. 'थेरपी लाइट' म्हणून लावलेल्या एलईडी पट्ट्या स्वस्तातल्या होत्या. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिलं तर उजेडावर काळे पट्टे सरकताना दिसतात. आपल्याला ते फडफडणं जाणवत नाही, पण काही मुलांना त्याचा खूप त्रास होतो.

सगळं उघडकीला आल्यावर मुलाच्या ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) मॅडमना खोली दाखवली. त्यांनी एकच विचारलं, "त्या माणसाने मुलाचं असेसमेंट कुठे बघितलं होतं?" कुठेच नाही. एका मुलाला जे शांत करतं ते दुसऱ्याला असह्य होतं, त्यामुळे सगळ्यांना एकच पॅकेज विकणाऱ्याला मुलाशी काही देणंघेणं नसतं. आधी ओटीकडून लिहून घ्या काय हवं ते. मग साधा सुतार आणि साधा वायरमनसुद्धा ते नीट करून देतो.

पैसे मागायला लागल्यावर त्याने फोन उचलणं बंद केलं. बिलावर छापलेला जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर भलत्याच राज्यातल्या धंद्याचा निघाला. महाराष्ट्रातला नंबर 27 ने सुरू होतो, हे आगाऊ रक्कम देण्याआधी एका मिनिटात बघता येतं. आम्ही 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नोटीस पाठवली आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात गेलो आहोत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइन अर्ज करता येतो. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची असते. कोटेशन, यूपीआयच्या पावत्या, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं आणि तोडफोड करण्याआधी काढलेले फोटो एवढंच आमच्याकडे होतं, आणि त्यावर तक्रार दाखल झाली. तुमच्याकडेही यातलं काही असेल तर डिलीट करू नका.