जुन्या लोडरच्या ट्रान्समिशनसाठी प्रेशर गेजचा संच: वापरानंतरचा अभिप्राय

आमचा जुना पॉवरशिफ्ट (तेलाच्या दाबाने क्लच दाबून गिअर बदलणारा) लोडर तेल गरम झाले की दुसऱ्या गिअरमध्ये ओढ सोडू लागला, तेव्हा ट्रान्समिशन उतरवण्याआधी मी हा संच घेतला आणि तो निर्णय योग्यच ठरला. सर्वच गिअरमध्ये दाब कमी असेल तर पंप, सक्शनची जाळी किंवा रेग्युलेटर व्हॉल्व्ह तपासावा लागतो. आमच्याकडे मात्र काटा फक्त दुसऱ्या गिअरला खाली येऊन थरथरत राहिला आणि उघडल्यावर त्या गिअरच्या क्लचचे सील कडक होऊन तडकलेले निघाले, म्हणजे तिथून तेल गळून दाब उतरत होता. तपासणी गरम तेलावरच करावी, कारण थंड, घट्ट तेल अशी गळती झाकते. होज मजबूत आहे, पण डायल उन्हात नीट वाचता येत नाही. जोडण्यांचे आटे प्रत्येक जुन्या यंत्राला बसत नाहीत, म्हणून टेस्ट पोर्टचे (गेज जोडायच्या छिद्राचे) माप आधी घ्यावे.