एबीए एलायझा किट: रब्बीच्या अख्ख्या हंगामाच्या वापरानंतर

किटचा नवा लॉट उघडला आणि त्याच अर्कातल्या एबीएचा, म्हणजे ताण पडल्यावर झाडात वाढणाऱ्या संप्रेरकाचा, आकडा निम्म्यावर आला. अर्क तोच होता. मालदांडी ३५-१ या ज्वारीच्या वाणाच्या पानांचा, बऱ्याच झाडांचा मिळून एकत्र केलेला, छोट्या नळ्यांत भरून उणे ८० अंशांवर ठेवलेला. दर प्लेटवर तो दोन वेलमध्ये (प्लेटमधल्या छोट्या खळग्यांत) लावायचाच, असा आमच्या प्रयोगशाळेचा दंडक आहे. जुन्या लॉटवर तो महिनोन्‌महिने एकाच आकड्याच्या आसपास राहिला आणि नव्या लॉटच्या पहिल्याच प्लेटवर जवळपास बरोबर अर्धा झाला. पाच-दहा टक्क्यांचा फरक असता तर पिपेट तपासले असते. इतका नेमका निम्मा आकडा पिपेटमुळे येत नाही.

किटचे नाव देत नाही. अ‍ॅब्सिसिक अ‍ॅसिड (एबीए) मोजणारे ९६ वेलचे स्पर्धात्मक एलायझा, म्हणजे अँटिबॉडीवर चालणारी चाचणी, आहे: मोनोक्लोनल अँटिबॉडी, अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम जोडलेला ट्रेसर (अँटिबॉडीच्या जागेसाठी नमुन्यातल्या एबीएशी स्पर्धा करणारे खुणेचे एबीए), ४०५ नॅनोमीटरवर पिवळा रंग, आणि रंग जितका फिका तितके एबीए जास्त. वापरणाऱ्यांना हे पाठ असते, म्हणून त्यात शिरत नाही.

कारण सापडायला फार वेळ लागला नाही. दोन्ही लॉटच्या स्टँडर्डच्या, म्हणजे तुलनेसाठी दिलेल्या माहीत प्रमाणाच्या एबीएच्या, कुप्या शेजारी शेजारी ठेवल्या. जुन्या कुपीवर एबीएच्या आधी कंसात अधिक आणि वजा अशी दोन्ही चिन्हे होती, नव्या कुपीवर नुसते अधिक. बाकी काहीच बदललेले नव्हते. एकाग्रता तीच, टोपणाचा रंग तोच, आतली छापील पुस्तिका आणि तिची आवृत्तीसुद्धा तीच.

या एका चिन्हावर सगळे अडले आहे. झाड फक्त ‘अधिक’ रूपातले एबीए बनवते. रासायनिक संश्लेषणाने केलेल्या साध्या एबीएत मात्र अधिक आणि वजा ही दोन्ही रूपे निम्मी निम्मी असतात. दोन्हींचे वस्तुमान एक, प्रकाश शोषण्याची रीत एक, फक्त रचना आरशातल्या प्रतिबिंबासारखी उलटी. या किटची अँटिबॉडी ‘अधिक’ रूपच ओळखते. पुस्तिकेतल्या क्रॉस-रिअ‍ॅक्टिव्हिटीच्या तक्त्यात (अँटिबॉडी इतर द्रव्यांना किती धरते, त्याच्या) वजा एबीएसमोर जवळजवळ शून्य लिहिलेले आहे. म्हणजे जुन्या कुपीतून वेलमध्ये १ पिकोमोल स्टँडर्ड घातले तर अँटिबॉडीला त्यातले अर्धेच दिसते. उरलेले अर्धे तिच्या लेखी नाहीच. मग पानाच्या अर्कात खरोखर अर्धा पिकोमोल असला की रंग त्या स्टँडर्डइतकाच येतो आणि आपण वहीत १ लिहितो. जुन्या लॉटवरचा आमचा प्रत्येक आकडा असा दुप्पट आहे. ज्या कंपनीने तो तक्ता छापला, तिच्याच डब्यात ती कुपी होती.

विक्री प्रतिनिधींना फोन केला. ‘मॅडम, लॉट बदलला की थोडं व्हेरिएशन येतंच.’ मी म्हटले, व्हेरिएशन नाही, स्टँडर्ड बदलले आहे, लेबल वाचा. त्यांनी टेक्निकल सपोर्टचा ईमेल पत्ता दिला. तिथून उत्तर म्हणून आले तेच पुस्तिकेचे पीडीएफ, जे डब्यात छापील आहेच. दुसऱ्यांदा दोन्ही कुप्यांचे फोटो आणि दोन्ही लॉटचे आकडे जोडून लिहिले. तेव्हा कळवले की स्टँडर्डमध्ये ‘सुधारणा’ केली आहे आणि ट्रेंडवर परिणाम होत नाही. सुधारणा केली हे खरे, आणि चांगलीच केली. पण जुना लॉट घेतलेल्यांना कोणी कळवायचे? आमच्या फ्रीझरमध्ये तो एकत्रित अर्क नसता तर एकाच तक्त्यात नोव्हेंबरचे आकडे दुप्पट आणि जानेवारीचे बरोबर असे बसले असते. त्यावरून जानेवारीत ज्वारीला ताण कमी पडला, असा निष्कर्ष छापून आला असता.

आमचे सरही म्हणाले, ‘गुणोत्तर बदलत नाही ना, मग एवढं मनाला का लावून घेतेस?’ गुणोत्तराबाबत त्यांचे बरोबर आहे. ओलिताच्या आणि कोरड्या वाफ्यांतली तफावत दोन्ही लॉटवर सारखीच येते. पण तक्त्यात आपण गुणोत्तर लिहीत नाही, नॅनोग्रॅम प्रति ग्रॅम लिहितो. उद्या दुसरा कोणी स्वतःच्या गव्हाचे आकडे आमच्या ज्वारीशेजारी ठेवील आणि ज्वारीत एबीए दुप्पट असते म्हणेल. शिवाय नैसर्गिक रूपातले एबीए आता दुर्मीळ राहिलेले नाही. बोट्रायटिस सिनेरिया या बुरशीच्या किण्वनातून ते व्यापारी प्रमाणावर तयार होते आणि द्राक्षाला रंग यावा म्हणून फवारलेही जाते. किटमधल्या एका कुपीत ते घालायला कंपनीला फार खर्च येत असेल, असे मला वाटत नाही.

बाकी किटबद्दल. अँटिबॉडी उत्तम आहे. मुक्त एबीएसाठी मोनोक्लोनल अँटिबॉडी जर्मनीत वायलर यांच्या गटाने १९८३ मध्ये प्रसिद्ध केल्या. अँटिबॉडी तयार करताना एबीए प्रथिनाला कोणत्या टोकाने जोडले यावर पुढचे सगळे अवलंबून असते. कार्बोक्झिलच्या टोकाने जोडले तर अँटिबॉडी एबीएचा ग्लुकोज एस्टर, म्हणजे साखरेला बांधलेले एबीए, हेही मुक्त एबीए समजून मोजते. कीटोनच्या टोकाने जोडले तर मुक्त एबीएच धरते. हे किट दुसऱ्या प्रकारचे आहे. आम्ही मुद्दाम अर्काला अल्कलीने हायड्रोलिसिस करून आणि न करता असे दोन्ही चालवून पाहिले. हायड्रोलिसिसनंतर आकडा वाढला, म्हणजे बांधलेले एबीए आधी मोजले जात नव्हते. या बाबतीत किटने शब्द पाळला.

ज्वारीच्या पानांत फिनॉलिक द्रव्ये भरपूर असतात आणि तिथे किटची बाजू लंगडी पडते. ८० टक्के मिथेनॉलचा, बीएचटी हे ऑक्सिडीकरणरोधक घातलेला, अंधारात ४ अंशांवर रात्रभर ठेवलेला अर्क थेट थोडासा पातळ करून लावला तर आकडा फुगतो. तोच अर्क आणखी पातळ करत गेले की गुणून येणारा आकडा उतरत उतरत एका जागी स्थिरावतो. सी-१८ कार्ट्रिजमधून (अर्क स्वच्छ करणाऱ्या छोट्या नळीतून) काढल्यावर ही तक्रार जवळजवळ संपली. पुस्तिकेत कार्ट्रिज ‘गरजेनुसार’ म्हटले आहे. ज्वारीला ती गरज आहेच, हे धरून चाला आणि कार्ट्रिजचे पैसे आधीच किटच्या किमतीत मिळवा. मिथेनॉलही पूर्ण उडवून मगच बफरमध्ये घ्या, नाहीतर अँटिबॉडीवर परिणाम होतो. प्रकाशाबद्दल पुस्तिकेत एकच ओळ आहे. उजेडात एबीए ट्रान्स रूपात बदलते आणि ते रूप ही अँटिबॉडी धरत नाही, म्हणून आम्ही नळ्या फॉइलमध्ये गुंडाळतो.

पैशांचे सांगते. ९६ वेलपैकी स्टँडर्डच्या सात पातळ्या, शून्य एबीएचा आणि अँटिबॉडीविना असे दोन कंट्रोल, सगळे दुहेरी, म्हणजे १८ वेल. आमच्या अर्काचे दोन. उरले ७६, म्हणजे दुहेरीत ३८ नमुने. शिवाय दर गटातल्या एका नमुन्यात मोजून एबीए घालून रिकव्हरी, म्हणजे त्यातले किती परत सापडते ते, बघायची, त्याचेही वेल जातात. किमतीला ९६ ने भागून ‘एवढ्या स्वस्तात’ सांगणाऱ्यांचे ऐकू नका. भागायचे ते तिसाने, फार तर पस्तिसाने.

इथपर्यंत लिहून ठेवले होते आणि दोन तारे द्यायचे ठरले होते. मग पुण्यातल्या एका केंद्रातून एलसी-एमएसचे (द्रव्ये वेगळी करून वस्तुमानावरून मोजण्याच्या पद्धतीचे) आकडे आले, म्हणून मत थोडे बदलते आहे.

प्रत्येक नमुन्याचे वेगळे पैसे पडतात, म्हणून मोजकेच नमुने ड्राय आइसवर पाठवले होते. तिथे पान कुटतानाच मिथेनॉलमध्ये डी-६ एबीए घालतात, म्हणजे सहा हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेले एबीए. पुढे कार्ट्रिजमध्ये, वाळवताना, आयन होताना जे काही वाया जाईल ते दोघांचेही सारख्याच प्रमाणात जाते, आणि साध्या एबीएच्या २६३ ते १५३ या संक्रमणाच्या (आयन फुटून होणाऱ्या तुकड्याच्या) संकेताला डी-६ च्या २६९ ते १५९ च्या संकेताने भागून उत्तर मिळते. आणि हा डी-६ ही अधिक-वजा मिश्रणच असला तरी तिथे काही बिघडत नाही, कारण मास स्पेक्ट्रोमीटरला आरशातली रूपे वेगळी दिसतच नाहीत. अडचण फक्त अँटिबॉडीची आहे, हे मला तेव्हा नीट उमगले.

आकडे नव्या लॉटशी जुळले, जुन्याच्या निम्मे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाण्याचा ताण दिलेल्या वाफ्यांतली वाढ तिन्हीकडे जवळपास सारखी निघाली. दोन नमुने तेवढे किटवर जास्त आले. दोन्ही कार्ट्रिज न वापरलेले, सुरुवातीच्या प्लेटवरचे. म्हणजे शेकडो पाने चाळून कोणत्या वाणात एबीए लवकर चढते हे बघायचे असेल, तर हे किट प्रामाणिक काम करते. इतक्या पानांसाठी एलसी-एमएसचे बिल आमच्या विभागाला परवडणारच नाही. दोनाचे साडेतीन तारे करते. उरलेला दीड तारा त्या कुपीसाठी आणि त्या पीडीएफसाठी कापला आहे, आणि तो परत देणार नाही.

जुन्या लॉटचे सगळे आकडे निम्मे करून वहीत वेगळ्या शाईने लिहिले आहेत, शेजारी लॉट क्रमांक आणि कुपीचा फोटो. प्लेट बदलून देण्याची मागणी कंपनीकडे लेखी केली आहे. अजून उत्तर नाही. पुढच्या खरेदीच्या मागणीपत्रात मी अट टाकली आहे: स्टँडर्ड फक्त ‘अधिक’ एबीए, प्रत्येक लॉटच्या प्रमाणपत्रावर तसे छापलेले, आणि बदल झाल्यास माल पाठवण्याआधी लेखी कळवणे. पुरवठादाराने सही करून दिली तरच पीओ (खरेदी आदेश) निघेल.