अ‍ॅल्युमिनियमसाठी दहा इंची मायटर सॉ: कापतो झकास, पण कीस थेट मोटरमध्ये!

मशीन (मायटर सॉ, म्हणजे वरून खाली आणून हव्या त्या कोनात काप देणारी गोल पात्याची विजेची करवत) दुरुस्त होऊन घरी आलंय, पण राग अजून गेलेला नाही, म्हणून आधी भांडणाचंच सांगतो. अ‍ॅल्युमिनियमचा सेक्शन (पोकळ पट्टी) कापताना मोटरच्या मागच्या जाळीतून ठिणग्या दिसल्या, जळका वास आला आणि पातं अर्ध्या कापातच थांबलं. सर्व्हिस सेंटरमध्ये मागचं झाकण उघडलं, आतला चकचकीत कीस बघितला आणि 'धातू कापलाय, वॉरंटी बसत नाही' म्हणून त्यांनी हात वर केले. माहितीपुस्तिकेत लाकडाच्या खालच्याच ओळीत अ‍ॅल्युमिनियम छापलेलं आहे! त्या पानाचा फोटो लावून लेखी तक्रार केली, फोनवर फोन केले, तेव्हा कुठे कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) आणि स्विच फुकट बदलून मिळाले. आर्मेचर, म्हणजे मोटरचा आत फिरणारा भाग, साफ करण्याचे पैसे मात्र घेतलेच. ते मला अजून पटलेलं नाही.

आता मशीनविषयी. पहिल्या काही दिवसांत माझं मत होतं की मोटर कमजोर आहे. सोबत आलेलं चाळीस दातांचं पातं पातळ भिंतीच्या चौकोनी पाइपात घुसलं की झटका बसायचा, कडा फाटल्यासारखी यायची. हे मत नंतर पूर्ण बदललं, कारण दोष मोटरचा नव्हताच. लाकडाच्या पात्याचे दात पुढे झुकलेले असतात, ते माल स्वतःकडे ओढतात. अ‍ॅल्युमिनियमच्या पात्याचे दात मागे कललेले असतात. माझ्या पात्याचा कोन उणे ५ अंश आहे. शिवाय त्यात एक दात कोपरे छाटलेला आणि थोडा उंच, पुढचा सपाट. पहिला मधोमध चर पाडतो, दुसरा दोन्ही बाजू साफ करतो. शंभर दातांचं असं पातं लावलं आणि त्याच मोटरवर काप इतका स्वच्छ आला, की गुण्या लावून बघितलं तर उजेडाची रेघसुद्धा दिसेना. कानशीचा एक हात फिरवला की बर (कडेला राहिलेली खरखरीत धार) निघते, बस्स.

पातं महाग आहे, पण दातांच्या टोकावरच्या कार्बाइडच्या टिपा (कठीण तुकडे) परत धार लावून मिळतात, त्यामुळे खर्च वसूल होतो. ते टिकवायचं असेल तर मेण लावाच. मऊ अ‍ॅल्युमिनियम गरम झालं की दाताच्या टोकाला चिकटतं. जवळून बघितलं तर टिपेवर रुपेरी गाठ बसलेली दिसते, आणि ती बसल्यावर दात कापत नाही, नुसता घासतो. आवाजातही फरक कळतो: एकसारखा चाललेला सूर खरखरीत होतो. मी प्लग काढून मेणाची कांडी दातांवरून फिरवतो आणि काही काप झाले की पुन्हा लावतो. रॉकेल लावायचा सल्ला बरेच जण देतात. लेथवर ठीक असेल, पण इथे ब्रशच्या ठिणग्या शेजारीच उडत असतात, तेव्हा मला ते मान्य नाही. आणि हात फार हळू चालवू नका. मिनिटाला ५००० फेऱ्या आणि १०० दात म्हणजे सेकंदाला आठ हजारांहून जास्त दात मालावरून जातात. दाब अगदीच कमी ठेवला तर प्रत्येक दात घासतच जातो आणि उष्णता वाढते.

क्लॅम्पबद्दल तक्रार नाही. पोकळ सेक्शन चिरडू नये म्हणून आत लाकडाचा ठोकळा बसवतो. काप संपल्यावर पातं पूर्ण थांबेपर्यंत मशीनचा हात वर उचलायचा नाही, नाहीतर सुटा तुकडा फेन्स (माल टेकवायची मागची उभी पट्टी) आणि पात्याच्या मध्ये अडकून सणकन उडतो. गॉगल आणि कानावर मफ लावल्याशिवाय मी स्विच दाबत नाही. हातमोजे मात्र घालत नाही, फिरत्या पात्याजवळ तेच धोक्याचे.

पण खरा मुद्दा कीस. पातं खालून मागे फिरतं, म्हणजे सगळा कीस फेन्सच्या मागे फेकला जाणार हे उघड आहे. तिथेच कंपनीने मोटरची हवा आत घेणारी जाळी दिली आहे. पंखा हवा ओढतो, हवेबरोबर बारीक कीस आत जातो आणि कॉम्युटेटरच्या, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात त्या फिरत्या तांब्याच्या भागाच्या, दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत बसतो. लाकडाचा भुगा वीज वाहून नेत नाही, म्हणून लाकडावर हे कधी कळत नाही. अ‍ॅल्युमिनियम वाहून नेतं, आणि मग शॉर्ट होतो. अ‍ॅल्युमिनियम चालतं असं छापता, मग जाळीचं तोंड दुसरीकडे वळवायला काय हरकत होती? विकत घेण्याआधी दुकानात मशीन उलटं फिरवून जाळी कुठे आहे ते बघा. वॉट आणि लेझर नंतर बघता येतील.

जाळीवर कापड बांधायचा विचार मी सोडून दिला. हवा अडली की मोटर तापते. त्याऐवजी पात्यामागच्या तोंडाला पत्र्याचा वाकवलेला तुकडा स्क्रूने लावला आहे, त्यामुळे कीस खाली वळतो आणि डब्यात पडतो. भुग्याची पिशवी काढूनच टाकली, कारण लाकडाच्या कोरड्या भुग्यात गरम कीस नको. डबाही वेगळा ठेवलाय. त्यात लोखंडाचा गंजका चुरा पडू देत नाही आणि त्याच्याजवळ ग्राइंडर चालवत नाही: गंज आणि अ‍ॅल्युमिनियमची बारीक पूड एकत्र पेटली तर विझवता येत नाही.

पत्रा लावल्यापासून ठिणग्या दिसलेल्या नाहीत. असा पत्रा कंपनीने स्वतःच सुटा भाग म्हणून द्यावा आणि आर्मेचरचे पैसे परत करावेत, असं मी लेखी कळवलंय. उत्तर आलेलं नाही. आलं की इथेच लिहीन.