उपवनला आईबाबांचा शूट: फोटो कडक, डिलिव्हरी रडतखडत

आईबाबांच्या लग्नाला 40 वर्षं झाली म्हणून ठाण्यात उपवन तलावावर छोटासा शूट करून घेतला. दीड तास, 6500 रुपये, 25 एडिट केलेले फोटो. फोटोग्राफरचं नाव टाकत नाही कारण तक्रारपण आहे.

जानेवारीचा शेवट, सूर्यास्त साडेसहाच्या आसपास, पण उपवनला सूर्य त्याच्या बराच आधी येऊरच्या डोंगरामागे जातो. हा भाऊ पाचला आला, चारदोन फोटो काढले आणि चक्क कणीस खात बसला. आई वैतागली, "तिन्हीसांजेला घरी दिवा लावायचा सोडून इथे कशाला बसवलंय? अंधारात काय आमची भुतं काढणार?" तो म्हणे काकू थांबा जरा, तुमचा लाइट येतोय.

आणि खरंच आला हो. सूर्य बुडाल्यावर त्याने दोघांना कट्ट्यावर येऊरकडे तोंड करून बसवलं, कारण तिकडचं आकाश अजून उजळ असतं आणि तोच मोठ्ठा सॉफ्ट लाइट, ना डोळ्याखाली सावली ना बाबांच्या टकलावर चमक. मागे बिल्डिंगांचे दिवे लागलेले, वर आकाश गडद निळं. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (म्हणजे फोटोतल्या रंगांचा निळा-पिवळा तोल ठरवणारं सेटिंग) त्याने ऑटोवर न ठेवता डेलाइटवर ठेवला होता, ऑटो तो निळेपणा खाऊन टाकतो म्हणे. आयएसओ (कमी उजेडात फोटो उजळ करणारं सेटिंग) 1600, फ्लॅश नाही, फक्त "काका हलू नका" चालू. आपल्याकडे सूर्य जवळपास सरळ खाली उतरतो त्यामुळे हा सगळा खेळ वीस-बावीस मिनिटांचा, लंडनला उन्हाळ्यात पाऊण तास मिळतो. तरी त्यातच 14 फोटो आले. एकात आई बाबांच्या शर्टाचं बटण लावतेय, गजऱ्याची कळी न कळी दिसते आणि नथीच्या मोत्यात मागचा पिवळा दिवा! मी मोबाइलवर नाइट मोडने तोच फोटो काढला होता, त्यात आईचा चेहरा लोण्यासारखा गुळगुळीत झालाय.

आता तक्रार. दहा दिवस सांगून फोटो पाचव्या आठवड्यात दिले, फोन उचलायचा नाही, मेसेजला नुसता अंगठा. वर सहासात फोटोंत एडिटिंगने आकाश केशरी केलेलं, अरे बाबा निळ्यासाठीच तर थांबवलंस ना आम्हाला? भांडून परत करून घेतले.

तरी चार स्टार. रविवारी मात्र जाऊ नका, प्रत्येक फ्रेममध्ये कोणीतरी सेल्फी काढत असतं, आणि डासांचं क्रीम न्या.