‘डिजिटल स्पेशल’ रंगीत फिल्टर गळ्यात मारतात, सांभाळा

8,400 रुपये. पिवळा, नारिंगी, लाल, हिरवा, अशा चार काचांचे. लेन्सच्या तोंडावर चढवायच्या, 77 मिमी, ‘कृष्णधवलसाठी डिजिटल स्पेशल’. मुंबईत फोर्टमधल्या एका दुकानदाराने हा संच माझ्या गळ्यात मारला, आणि संताप अजून शमलेला नाही.

कोणी म्हणेल, एवढी वर्षं फोटो काढतोस, तुला कळलं नाही? फिल्मच्या काळात मी नारिंगी फिल्टर लावूनच ढग टिपायचो (नारिंगी-लाल काच निळा प्रकाश अडवते, म्हणून कृष्णधवल फोटोत आकाश गडद होऊन ढग उठून दिसतात), म्हणून तर घ्यायला गेलो. आणि फसवलं ते माझ्याच कॅमेऱ्यावर. ‘द्या, सेटिंग करून दाखवतो’ म्हणत त्याने कॅमेरा घेतला, मेनूत काहीतरी खटखट केलं, लाल काच चढवली आणि दाराबाहेर फोटो काढला. स्क्रीनवर आकाश काळंभोर, ढग पांढरेशुभ्र. कोण भुलणार नाही?

शटरचा आकडा, म्हणजे कॅमेरा किती सेकंद प्रकाश आत घेतो तो, मात्र समोरच होता. काच नसताना 1/500, काच लावल्यावर 1/400. खरा गडद लाल, 25 नंबरचा, तीन स्टॉप प्रकाश खातो, म्हणजे तीनदा निम्मा करून आठवा हिस्साच आत सोडतो. आकडा 1/60 च्या आसपास यायला हवा. मी विचारलंसुद्धा! तर म्हणे, ‘साहेब, हीच डिजिटल स्पेशलची खुबी, लाइट जात नाही.’ प्रकाश अडवतच नाही तो फिल्टर कसला? तो 1/400 अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

मेणवलीच्या घाटावर काच पुसली तर रुमालाला गुलाबी डाग. नुसता रंग फासलेला! घरी रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली, प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) उघडली आणि उलगडा झाला. पठ्ठ्याने कॅमेऱ्याच्या मोनोक्रोम, म्हणजे कृष्णधवल सेटिंगमधला ‘फिल्टर इफेक्ट’ लालवर ठेवला होता. काळं आकाश कॅमेऱ्याने केलं होतं, काचेने नाही.

कॅमेरा दुकानदाराच्या हातात देऊ नका. पांढऱ्या कागदावर लाल पेनाने दोन शब्द लिहून काचेतून बघा. खऱ्या गडद लालमधून ते जवळजवळ दिसेनासे होतात. माझ्या काचेतून खुशाल वाचता येतात.

दुकानात परत गेलो तर ‘विकलेला माल परत नाही’. चौकीत गेलो तर पहिला प्रश्न, पक्कं बिल? ‘बिल हवं तर जीएसटी धरून 9,912’ असं सांगून त्याने कच्ची पावती दिली होती, तिच्यावर दुकानाचं नावही नाही. यूपीआयचा व्यवहार दाखवला. ‘पैसे तुम्हीच दिलेत ना?’ काच पुढे केली तर बघायलाही तयार नाहीत. ऑनलाइन तक्रार केली, तर ‘विक्रेत्याचा प्रतिसाद नाही’ म्हणून बंद. अहो, तो दाद देत नाही म्हणूनच तर तुमच्या दारात आलो! भर बाजारात बिनबिलाचा धंदा चाललाय, कर बुडतोय, आणि पुरावे गोळा करायचे मी? जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, एवढंही कोणी सांगितलं नाही. ते मीच शोधलं.

आणि साध्या रंगीत सेन्सरवर खरा लाल फिल्टरही घेऊ नका. सेन्सरवर लाल ठिपके पावच असतात. गडद लाल काच लावली की कामाचे तेवढेच उरतात आणि फोटोत दाणे येतात. रॉमध्ये काढा, कृष्णधवल करताना निळा खाली ओढा, फुकटात होतं. या काचा फिल्मवाल्यांच्या आणि निव्वळ मोनोक्रोम (रंग न टिपणाऱ्या) सेन्सरवाल्यांच्या कामाच्या. पैसे घालायचेच तर पोलरायझरवर, म्हणजे चकाकी कापणाऱ्या फिल्टरवर घाला.

आयोगात अर्ज टाकलाय. असा संच कोणी घेतला असेल तर कच्ची पावती, पैसे गेल्याचा मेसेज आणि डबा, काहीही फेकू नका.