पाकिटातले जिवाणू की घरचे जीवामृत?

वाटाणा, हरभरा, सोयाबीन यांपैकी काही पेरणार असाल तर फार विचार करू नका, रायझोबियम या जिवाणूचे पाकीट आणा. कडधान्याच्या मुळांवर ज्या गाठी येतात, त्यांत राहून हवेतला नत्र पिकाला देणारा जिवाणू पिकागणिक वेगळा असतो. सोयाबीनचा रायझोबियम हरभऱ्याच्या कामाचा नाही. तुमच्या पिकाला हवा तोच जिवाणू शेण-गोमूत्र आंबवून केलेल्या जीवामृताच्या टाकीत असेल, याची खात्री कोण देणार? पाकिटावर पिकाचे नाव छापलेले असते. पुढे फुलोऱ्याच्या सुमारास एखादे रोप उपटून गाठ फोडून पाहा. आतून लालसर गुलाबी दिसली की ती काम करते आहे.

मात्र हा जिवंत माल आहे. भुकटीतले जिवाणू साधारण ६ महिने टिकतात, द्रवरूप वर्षभर, आणि तेही थंड, सावलीच्या जागी. दुकानाबाहेर उन्हात मांडलेली बाटली मुदत शिल्लक असली तरी घेऊ नये. पुण्याच्या आसपास असाल तर शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात आणि उसासाठी मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये आधी चौकशी करा. तिथे ही जिवाणू खते तयार होतात, त्यामुळे ताजा माल मिळण्याची शक्यता जास्त. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम भुकटी पुरते. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी. मग सावलीत सुकवून लगेच पेरणी. इथेच बहुतेकांची घाई होते आणि दोष पाकिटाला मिळतो.

जीवामृताचे काम वेगळे आहे. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत दोन दिवस ठेवून रोज ढवळायचे आणि आठवड्याच्या आत वापरून टाकायचे. एवढे एका एकराला होते. त्यातून मिळणारे नत्र, स्फुरद, पालाश फार थोडे. खत म्हणून हिशेब मांडलात तर निराश व्हाल. ते विरजण आहे, आणि विरजणाला दूध लागतेच. ते दूध म्हणजे शेणखत, पालापाचोळा, उसाचे पाचट. पाचट पेटवून वर जीवामृत सोडणाऱ्यांचे मला खरोखर वाईट वाटते.

गोठ्यात गाय आहे, भाजीपाल्याला ठिबक आहे आणि रानात आच्छादन आहे, अशांना मी जीवामृतच सांगेन. गाळून मात्र घ्या, नाहीतर ठिबकची छिद्रे बुजतात. कोथिंबीर, मेथी, पालक यांच्या पानांवर काढणीच्या तोंडावर फवारू नका. शेणातले रोगजंतू थेट ताटात यायला नकोत.

उसाला दोन्ही चालते. बेणे लावण्यापूर्वी अ‍ॅसिटोबॅक्टर (उसाला हवेतला नत्र देणारा जिवाणू) आणि स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंच्या द्रावणात अर्धा तास बुडवायचे. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या रानात घातलेले स्फुरद चुन्याशी बांधले जाते, ते मोकळे करायला हे जिवाणू उपयोगी पडतात. पुढे वाढीच्या काळात पाटपाण्यातून जीवामृत सोडा. मायकोरायझाची, म्हणजे मुळांशी जोडून राहून त्यांना अन्न मिळवून देणारी, बुरशी विकत घेणार असाल तर कोबी-फ्लॉवरसाठी घेऊ नका, त्या कुळाच्या मुळांशी तिचे जुळत नाही.

काहीही निवडा, दोन सऱ्या न वापरता सोडा आणि काढणीला त्यांचे वजन वेगळे करा. दुकानदाराच्या किंवा माझ्या शब्दापेक्षा तुमच्या रानातला तो आकडा जास्त खरा.