नाटकाचे पत्रक घरी तयार करताना : इंकस्केप आणि मोफत फॉन्टचा पाच महिन्यांचा अनुभव

वैनगंगेकाठच्या आमच्या गावात भाऊबीजेनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते आणि त्याच रात्री झाडीपट्टीतले, म्हणजे पूर्व विदर्भातल्या परंपरेतले, नाटक होते. वडसा, म्हणजेच देसाईगंज, येथील नाट्य कंपनीशी बोलणी पक्की झाली की मंडळापुढे काम उरते ते पत्रकाचे. गावात त्याला सारेच पॉम्प्लेट म्हणतात. यंदा ते काम मी अंगावर घेतले. कोजागिरीपासून होळीपर्यंत नाटक, शंकरपट (बैलांची शर्यत) आणि हरिनाम सप्ताह अशी नऊ पत्रके मी इंकस्केप या रेखाटनाच्या मोफत आज्ञावलीत (सॉफ्टवेअरमध्ये) तयार केली आणि अक्षरांसाठी ‘एक टाईप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्त’ व ‘बलू २’ हे युनिकोड फॉन्ट वापरले. दोन्ही फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर विनामूल्य मिळतात आणि त्यांच्या खुल्या परवान्यामुळे छपाईलाही आडकाठी नसते.

पत्रक कोण वाचतो, हे मला पहिल्याच आठवडी बाजारात कळले. एका वृद्ध गृहस्थांनी कागद हातात घेतला, लांब धरून पाहिला आणि विचारले, “तारीख कोनती आहे जी?” तारीख कागदावर होती, पण खालच्या कोपऱ्यात, पाहुण्यांच्या नावांखाली दडलेली. दुसऱ्या पत्रकापासून मी नाटकाचे नाव, वार व तारीख आणि गाव एवढ्याच तीन गोष्टी वरच्या अर्ध्या भागात मोठ्या ठेवल्या. नाटक रात्री दहाला उभे राहते आणि पहाटेपर्यंत चालते, त्यामुळे नुसत्या तारखेने घोटाळा होतो. ‘शुक्रवारी रात्री’ असे लिहिल्यावर विचारणा बरीच कमी झाली. उद्घाटक आणि प्रमुख पाहुणे यांची नावे व फोटो समोरच हवेत, असा मंडळातील ज्येष्ठांचा आग्रह होता. ती नावे मी मागच्या बाजूला पूर्ण पानभर, ठसठशीत अक्षरांत दिली, तेव्हा त्यांचेही समाधान झाले. या एका बदलाने जेवढा फरक पडला, तेवढा कोणत्याही नक्षीने पडला नसता.

अक्षरांच्या बाबतीत मात्र देवनागरीचे स्वतःचे नियम पाळावेच लागतात. नाटकाचे नाव कागदाच्या पूर्ण रुंदीत बसावे म्हणून मी सुरुवातीला अक्षरांमधले अंतर वाढवले, आणि शिरोरेषा जागोजागी तुटून शब्दाचे तुकडे दिसू लागले. रोमन लिपीत हा उपाय चालतो. आपल्याकडे अक्षराचा आकार किंवा जाडी वाढवणे हाच मार्ग आहे. मुक्त फॉन्टला सात जाड्या असल्यामुळे एकाच फॉन्टमध्ये नाव, वेळ, तिकिटाचे दर असा लहानमोठा क्रम लावता येतो. शीर्षकासाठी मी बलू २ ची सर्वांत जाड अक्षरे निवडली, कारण ती गोलसर आणि भरदार असून दुरूनही ओळखू येतात. मात्र बलूमध्ये मजकुराचा पूर्ण परिच्छेद लावला की तो जड होतो. तिथे मुक्तच बरा. ओळींमधले अंतर मी दीडपट ठेवतो, कारण त्याहून कमी केले की ‘झाडीपट्टी’तल्या ट्टी सारखे एकाखाली एक जोडलेले अक्षर खालच्या ओळीच्या वेलांटीला आणि रफाराला भिडते.

आमची पत्रके रंगीत पातळ कागदावर एकाच शाईत छापली जातात, आणि माझ्या मते गावच्या कामाला तेच योग्य आहे. पिवळ्या कागदावरची काळी शाई बाजारातल्या मंद दिव्यातही वाचता येते. गडद गुलाबी कागदावर लाल शाई वापरलेले शंकरपटाचे पत्रक सुंदर दिसले, पण संध्याकाळी कोणालाच धड वाचता आले नाही. काळ्या पट्टीतली पांढरी अक्षरे जाड असतील तरच टिकतात; बारीक असली तर पातळ कागदावर शाई पसरून मात्रा आणि अनुस्वार भरून जातात. चार रंगांचे पत्रक करायचे झाल्यास रंगांची विभागणी मी छापखान्यावरच सोपवीन.

एका छापखान्यात आमची फाइल उघडली तेव्हा त्या संगणकावर हे फॉन्ट नव्हते आणि जोडाक्षरे सुटी झाली. आता पीडीएफ करतानाच मजकुराचे आकृतीत रूपांतर करण्याचा पर्याय मी निवडतो. मूळ फाइल वेगळी जपून ठेवतो, कारण रूपांतरानंतर अक्षर सुधारता येत नाही. कागद कापताना मजकूर कडेला जाऊ नये म्हणून चारही बाजूंनी निदान पाच मिलिमीटर जागा मोकळी सोडतो. ए४ कागदावर ए५ आकाराची दोन पत्रके बसतात, त्यामुळे कागद वाया जात नाही.

इंकस्केप हाती बसायला मला दोन आठवडे लागले आणि त्या काळात रात्री उशिरापर्यंत बसावे लागले. त्यानंतर नवे पत्रक दोन तासांत होऊ लागले, कारण जुन्या फाइलमध्ये नाव, वार, तारीख आणि दर एवढेच बदलायचे असते. छपाईला देण्यापूर्वी एक प्रत साध्या प्रिंटरवर काढून मी ती संध्याकाळी पानटपरीच्या दिव्याखाली दोघातिघांच्या हाती देतो आणि त्यांनी तारीख वाचून दाखवल्यावरच हजार प्रतींची मागणी नोंदवतो.